रस्त्याकडेचा साक्षी : सायकलशर्यतीचा अनुगामी प्रेक्षक आणि प्रवासवर्णनातील ‘पाहणे’

१

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची चर्चा करताना मराठी समीक्षेने एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली दिसते. प्रवासी एखाद्या स्थळी जातो, ते पाहतो आणि पाहिलेले सांगतो. त्याच्या निवेदनाला जे प्रामाण्य लाभते ते या ‘पाहण्या’तून. शैली, विनोद, चिंतनशीलता, तौलनिक दृष्टी हे विशेष त्यावर चढलेले असतात. परंतु ‘मी तेथे होतो’ हे विधान खोटे ठरले तर बाकीचे सारे निराधार होते. ललित निबंध आणि प्रवासवर्णन यांच्यातील सीमारेषा आपण बऱ्याचदा या एका विधानाच्या आधारे आखतो.

या गृहीतकाची परीक्षा पाहावयाची तर जेथे प्रवासाचा हेतूच केवळ पाहणे हा आहे आणि तरीही पाहणे जवळजवळ अशक्य आहे, असे उदाहरण घ्यावयास हवे. व्यावसायिक सायकलशर्यतीमागे परदेशी जाणारा प्रेक्षक हे असे उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत आणि तिच्याभोवतीचे लेखन समोर ठेवून या प्रेक्षकाच्या साक्षीचे स्वरूप तपासण्याचा प्रयत्न केला आहे. विषय क्रीडेचा असला तरी प्रश्न निवेदनाचा आहे.

आधी वस्तुस्थिती. जुलै महिन्यात तीन आठवडे चालणाऱ्या या शर्यतीत एकवीस टप्पे असतात. एकूण अंतर अलीकडे सुमारे ३४०० किलोमीटरच्या आसपास असते. २०१८ पासून प्रत्येक संघात आठ स्वार असतात आणि बावीस-तेवीस संघ भाग घेतात. म्हणजे पावणेदोनशेहून अधिक स्वारांचा घोळका. सपाटीवर हा घोळका ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या वेगाने धावतो. रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या माणसासमोरून तो अर्ध्या-पाऊण मिनिटात निघून जातो. सकाळपासून ताटकळलेल्या माणसाच्या वाट्याला येते ते इतकेच : रंगांचा एक पट्टा, साखळ्यांची सळसळ, चेहऱ्यावर आलेला वारा. आपल्याला हवा असलेला स्वार त्यात नेमका कोणता, हे कळण्यापूर्वीच पट्टा वळणाआड जातो. क्रिकेटच्या मैदानावरील प्रेक्षक संपूर्ण खेळ एका जागेवरून पाहू शकतो. येथे खेळ प्रेक्षकाला एका क्षणापुरता ओलांडून जातो, आणि तो कोठून सुरू झाला, पुढे त्याचे काय झाले हे प्रेक्षकाला दुसऱ्याकडूनच कळते.

यासाठी माणसे समुद्र ओलांडून येतात. का येतात, हा समाजशास्त्राचा प्रश्न झाला. आल्यावर ती काय सांगू शकतात, हा आपला.

२

ही अडचण शर्यतीच्या जन्मातच आहे. तूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली ती एका वृत्तपत्राचा खप वाढविण्यासाठी. ‘लोतो’ या क्रीडादैनिकाचे संपादक आँरी देग्रांज आणि त्यांचा तरुण सहकारी जेओ लफेव्र यांची ही योजना. १ जुलै ते १९ जुलै या काळात सहा टप्प्यांत २४२८ किलोमीटर. साठ स्वार निघाले, एकवीस पोहोचले. मोरिस गारँ जिंकला. टप्पे इतके लांब होते की स्वार रात्रीच्या अंधारातही धावत असत. ही शर्यत कोणी ‘पाहणे’ शक्यच नव्हते. लफेव्र स्वतः कधी सायकलीवरून तर कधी आगगाडीने स्वारांचा माग काढीत पुढच्या ठाण्यावर पोहोचत असे आणि तेथून वृत्त धाडीत असे. शर्यतीचा हा पहिला अनुगामी. शर्यत घडत होती रस्त्यावर, पण ती आकाराला येत होती दुसऱ्या दिवशीच्या पिवळ्या कागदावर. १९१९ मध्ये आघाडीच्या स्वाराला जी पिवळी जर्सी देण्यात येऊ लागली तिचा रंग ‘लोतो’च्या कागदाचा, असे सामान्यतः सांगितले जाते. रस्त्यावरच्या माणसाने पाहिलेल्या तुकड्याला अर्थ मिळे तो त्या कागदामुळे.

तेव्हा या शर्यतीच्या बाबतीत ‘घटना आधी आणि वृत्तांत नंतर’ हा क्रम पुरता लागू पडत नाही. वृत्तांतासाठी घटना निर्माण केली गेली. म्हणूनच तिच्याभोवती वाङ्मयीन गुणवत्तेचे लेखन विपुल झाले असावे. त्यातील तीन-चार नमुन्यांचा विचार येथे आवश्यक आहे.

अल्बेर लोंद्र हा शोधपत्रकार १९२४ मध्ये ‘ल पेती पारिझियँ’साठी या शर्यतीमागे गेला. त्यापूर्वीच्या वर्षी त्याने फ्रेंच गयानातील कैद्यांच्या वसाहतीवर लिहून खळबळ उडवून दिली होती. कूतांस येथील एका कॅफेत त्याला आँरी व फ्रान्सिस हे पेलिसिए बंधू आणि मोरिस व्हिल हे शर्यत सोडून बसलेले आढळले. त्यांनी पिशव्या उघडून डोळ्यांत घालावयाचे कोकेन, हिरड्यांना चोळावयाचे क्लोरोफॉर्म आणि गोळ्यांच्या डब्या त्याच्यापुढे मांडल्या. लोंद्रच्या लेखनात स्वार हा सक्तमजुरीच्या कैद्याचा भाऊ होतो. हे सारे त्याने प्रत्यक्ष पाहिले आणि ऐकले होते. यापेक्षा चांगली साक्ष कोणती? परंतु बऱ्याच वर्षांनी फ्रान्सिस पेलिसिए याने सांगितले, की सायकलशर्यतीतले काही न कळणाऱ्या या प्रसिद्ध पत्रकाराची आम्ही त्या दिवशी थोडी गंमतही केली होती. आता या दोन साक्षींपैकी खरी कोणती मानावयाची? उत्तेजकांचा वापर तर खोटा नव्हता. पुढील शंभर वर्षांचा इतिहास ते सांगतो. मात्र साक्षीदार निवडून, त्याला जे हवे ते मापून दाखविले गेले. ‘मी पाहिले’ या विधानात ‘मला दाखविले गेले’ हे विधान दडलेले असते, ही गोष्ट प्रवासवर्णनाच्या अभ्यासकाने टिपून ठेवण्यासारखी आहे.

इटालियन कादंबरीकार दिनो बुझाती १९४९ मध्ये ‘कोरिएरे देल्ला सेरा’ या दैनिकासाठी ‘जीरो दितालिया’ या भगिनीशर्यतीमागे गेला. वृद्धत्वाकडे झुकलेला जीनो बार्ताली आणि त्याला मागे टाकणारा फाउस्तो कोपी यांच्या झुंजीत त्याला हेक्टर आणि अकिलीज दिसले. १० जून रोजी कुनेओ ते पिनेरोलो या टप्प्यात कोपीने पाच घाट ओलांडीत सुमारे १९२ किलोमीटर एकट्याने कापले. बुझातीची ही वार्तापत्रे त्याच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये, ग्रंथरूपाने आली. तो नुसता वार्ताहर नव्हता. १९४० मधील ‘तार्तरांचे वाळवंट’ या त्याच्या कादंबरीत एका सीमेवरील किल्ल्यात सैनिक आयुष्यभर शत्रूची वाट पाहतात. वाट पाहण्याचे कादंबरीरूप ज्याने सिद्ध केले तोच लेखक क्षणात निघून जाणाऱ्या शर्यतीमागे पाठविला जावा, हा संपादकाचा निव्वळ योगायोग असेल. वाचकाला मात्र त्यात एक संगती दिसते.

आँत्वान ब्लोंदँ याने १९५४ ते १९८२ या काळात ‘लेकिप’साठी सत्तावीस वेळा या शर्यतीचा पाठलाग केला आणि पाचशेहून अधिक सदरलेख लिहिले. त्याचे लेखन शब्दखेळांनी गजबजलेले आहे. तो शर्यतीबरोबर मोटारीतून जात असे, म्हणजे त्याचे स्थान सामान्य प्रेक्षकाहून वेगळे होते. तरी मोटारीत बसलेल्या माणसालाही शर्यतीचा एखादा तुकडाच दिसतो, उरलेला रेडिओवरून ऐकावा लागतो. बहुधा म्हणूनच ब्लोंदँ शर्यतीपेक्षा गावे, जेवणे आणि भाषा यांवर अधिक रमतो. याला काहींनी विषयांतर म्हटले तर नवल नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रामाणिकपणा आहे : जे दिसले तेवढेच त्याने सांगितले.

आणि रोलाँ बार्थ. ‘मितोलोजी’ या १९५७ मधील संग्रहात तूर द फ्रान्सला महाकाव्य मानणारा त्याचा प्रसिद्ध निबंध आहे. स्वारांची नावे ही महाकाव्यातील वीरांच्या विशेषणांसारखी कार्य करतात, भूगोल सजीव होतो, मोंत व्हाँतू हा डोंगर बळी मागणारी दुष्ट देवता ठरतो आणि उत्तेजकाचे सेवन हे पाप ठरते, कारण ते दैवी शक्तीची चोरी करते, असे त्याचे विवेचन आहे. आपल्याकडे चिन्हमीमांसेच्या अध्यापनात हा निबंध उदाहरण म्हणून सोयीचा ठरतो. परंतु त्यात रस्त्याकडेचा माणूस जवळजवळ नाही. बार्थने जे वाचले ते शर्यतीविषयी बोलली जाणारी भाषा. महाकाव्य आहे, वीर आहेत, देवता आहेत. पण ज्याने सूर्योदयापासून घाटात जागा धरली आहे त्याला त्या महाकाव्याची एकच ओळ ऐकू येते, हे बार्थच्या चौकटीत बसत नाही. १३ जुलै १९६७ रोजी त्याच व्हाँतूवर ब्रिटिश स्वार टॉम सिम्प्सन कोसळून मरण पावला आणि निबंधातील रूपक भयंकर रीतीने खरे झाले. तेथे त्याचे स्मारक आहे, आणि घाट चढून येणारे परदेशी सायकलस्वार व अनुगामी तेथे पाण्याच्या बाटल्या, टोप्या ठेवून जातात. बार्थची देवता लेखणीतली होती. या माणसांनी तिचे ठाणे प्रत्यक्षात वसविले आहे.

३

मग अनुगामी प्रेक्षक पाहतो तरी काय? तो वाट पाहतो.

या वाट पाहण्याला स्वतःची रचना आहे. जाणकार प्रेक्षक सपाटी टाळून घाट निवडतो, कारण चढावर वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास येतो, घोळका फुटतो आणि स्वार एकेकटे किंवा दोघे-तिघे असे दीर्घकाळ समोरून जात राहतात. आल्प द्युएझ हा घाट याचे उत्तम उदाहरण. १९५२ मध्ये तो प्रथम शर्यतीत आला आणि कोपीने तेथे विजय मिळविला. एकवीस वळणे, सुमारे चौदा किलोमीटर, सरासरी आठ टक्क्यांचा चढ. १९७६ ते १९८९ या काळात डच स्वारांनी तेथे आठदा विजय मिळविला. तेव्हापासून सातवे वळण हे डचांचे वळण झाले. नारिंगी कपड्यांतली माणसे आपल्या फिरत्या घरांसह काही दिवस आधीच तेथे मुक्काम ठोकतात. ज्या देशात डोंगर नाही त्या देशाने परक्या डोंगराचे एक वळण आपले केले, हे पाहून कोणाही प्रवासवर्णनकाराला लिहावेसे वाटेल. कोलंबियाचा संघ १९८३ मध्ये आला आणि दुसऱ्याच वर्षी लुचो एरेराने याच घाटावर टप्पा जिंकला; त्यानंतर पिवळ्या-निळ्या-तांबड्या झेंड्यांची भर पडली. पिरेनीजमध्ये बास्क प्रेक्षकांची नारिंगी गर्दी वेगळी, तिचा अर्थही वेगळा.

रस्ता काही तास आधी बंद होतो. डांबरावर खडूने, रंगाने नावे लिहिली जातात. शर्यतीच्या दीड-दोन तास आधी जाहिरातींच्या गाड्यांचा ताफा जातो. ही प्रथा १९३० पासूनची. त्यांवरून टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, खाऊच्या पुड्या फेकल्या जातात आणि त्या वेचण्यासाठी प्रौढ माणसे मुलांशी स्पर्धा करतात. मग पुन्हा शांतता. दूरवर हेलिकॉप्टरचा आवाज येतो. हा आवाज येथे चिन्हाचे कार्य करतो : शर्यत खोऱ्यात शिरली. पोलिसांच्या मोटारसायकली, संचालकांची तांबडी गाडी, आणि मग स्वार. अनुभवद्रव्याच्या दृष्टीने पाहिले तर दिवसाचा नव्वद-पंच्याण्णव टक्के भाग पूर्वचिन्हांनी भरलेला आहे. म्हणून या प्रेक्षकाची जी वर्णने चांगली उतरतात त्यांत शर्यत शेवटच्या परिच्छेदात येते आणि तीही आटोपती. अनुभवाच्या प्रमाणाशी निवेदनाचे प्रमाण येथे तंतोतंत जुळते.

मराठी वाचकाला या ठिकाणी वारीची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ती टाळली पाहिजे असे मला वाटते; निदान लगेच तरी तिच्या आहारी जाऊ नये. वारकरी चालतो, अनुगामी प्रेक्षक उभा असतो. वारीचे गंतव्य स्थिर आहे. येथे ज्याच्यासाठी यावयाचे तेच पळत असते. पालखी जेथून जाते तेथल्या गावकऱ्यांशी या प्रेक्षकाची तुलना काहीशी होऊ शकेल, पण गावकरी परदेशातून आलेला नसतो. उपयुक्त तुलना आहे ती निवेदकाच्या स्थानाची. इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखात निवेदिका दिंडीबरोबर चालते, आणि चालते म्हणूनच दिंडीतील जातीनुसार वेगळ्या बसणाऱ्या पंगती तिला दिसतात व बोचतात. सहभागाने तिची दृष्टी मंद होत नाही, उलट धारदार होते. सायकलशर्यतीच्या संदर्भात असे सहभागी स्थान डच लेखक टिम क्राबे याने ‘द रेनर’ या १९७८ मधील कादंबरीत घेतले आहे. तेथे निवेदक स्वतः स्वार आहे आणि शर्यत आतून, किलोमीटरागणिक सांगितली जाते. रस्त्याकडेच्या प्रेक्षकाला हे दोन्ही नाकारलेले आहे. तो वारकरी नाही आणि स्वारही नाही.

आपल्याकडील अधिक जवळचे उदाहरण मुंबई-पुणे सायकलशर्यतीचे. बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणण्याची प्रथा त्या शर्यतीने मराठीत रुजविली. शब्द आपल्याजवळ आहे; त्या घाटात उभ्या राहिलेल्या माणसाचे वाङ्मय मात्र माझ्या पाहण्यात नाही.

४

उभे राहून पाहणाऱ्या माणसाला आपला हस्तक्षेप व्हावा असे वाटू लागते, आणि येथे साक्षीचा प्रश्न नैतिक होतो. १९०४ मध्ये, म्हणजे दुसऱ्याच वर्षी, सेंत-एत्येनजवळच्या घाटात स्थानिक स्वाराच्या चाहत्यांनी रात्री इतर स्वारांवर हल्ला केला. १९५० मध्ये आस्पँ घाटात बार्ताली पडला, गर्दीने त्याला धमकावले. तरीही त्याने टप्पा जिंकला आणि त्याच संध्याकाळी इटालियन स्वारांनी शर्यत सोडली. पिवळी जर्सी त्या वेळी त्यांच्यातल्याच फिओरेंझो माग्नीकडे होती. १९७५ मध्ये पुई द दोमच्या चढावर एका प्रेक्षकाने एडी मर्क्सच्या पोटाजवळ ठोसा मारला. त्या वर्षी मर्क्स हरला. ठोशामुळे हरला की काय, हा वाद त्या घाटातील कोणत्याही साक्षीदाराला सोडवता येणार नाही. १९९९ मध्ये आल्प द्युएझवर छायाचित्र काढण्यासाठी रस्त्यात उतरलेल्या एकाने जुझेप्पे गेरीनीला पाडले. गेरीनी उठला आणि जिंकला. १४ जुलै २०१६ रोजी व्हाँतूवर वाऱ्यामुळे टप्पा आखूड केला गेला, वरची गर्दी खाली सरकली, रस्ता इतका अरुंद झाला की एक मोटारसायकल अडली आणि तिच्यावर स्वार आदळले. पिवळ्या जर्सीतला क्रिस फ्रूम सायकलीशिवाय घाटात धावत सुटला. महाकाव्याचा नायक पायी, आणि त्याला पायी करणारे श्रोतेच.

पण माझ्या दृष्टीने या मालिकेतील सर्वांत बोलके उदाहरण २६ जून २०२१ चे आहे. ब्रेस्तहून निघालेल्या पहिल्याच टप्प्यात एक स्त्री आजी-आजोबांना उद्देशून लिहिलेला पुठ्ठ्याचा फलक घेऊन रस्त्यात पुढे झाली. टोनी मार्टिन त्यावर आदळला आणि त्याच्यामागचा मोठा घोळका कोसळला. तिला पुढे न्यायालयाने दंड केला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की तिची पाठ स्वारांकडे होती आणि तोंड दूरदर्शनच्या कॅमेऱ्याकडे. ती पाहावयास आली नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल; पण त्या क्षणी तिला पाहण्यापेक्षा दिसावयाचे होते. तेथे गेल्याचा पुरावा म्हणजे घरच्यांनी आपल्याला पडद्यावर पाहणे, अशी साक्षीची उलटापालट येथे झाली आहे. प्रवासवर्णनातही हे नवीन नाही. आपल्या कित्येक प्रवासवर्णनांत लेखक प्रेक्षणीय स्थळाकडे पाठ करून, वाचकाकडे तोंड करूनच उभा असतो. तेथे कोणी पडत नाही इतकेच.

५

राहिला प्रश्न ज्ञानाचा. उभा राहिलेल्याने डोळे उघडे ठेवून, मर्यादा न ओलांडता जे पाहिले ते तरी खरे मानता येईल काय?

१९८९ ची शर्यत व्हर्साय ते पॅरिस या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलने संपली आणि ग्रेग लेमाँड लॉरां फिन्योंपेक्षा आठ सेकंदांनी पुढे ठरला. प्रत्येक स्वार एकटा धावत होता. शाँझेलिझेवरील गर्दीने दोघांनाही पाहिले, पण विजय कोणाचा हे पाहता येण्याजोगे नव्हते. ते घड्याळावर होते. १८ ऑगस्ट २०२४ रोजी स्त्रियांच्या शर्यतीचा अखेरचा टप्पा आल्प द्युएझवर संपला. डेमी व्होलरिंग पुढे, कासिया निविआदोमा बरीच मागे. घाटातल्या कोणत्याही वळणावर उभ्या असलेल्या डच प्रेक्षकाने आपली स्वार जिंकत असल्याचेच पाहिले, आणि टप्पा तिने जिंकलाही. संपूर्ण शर्यत मात्र निविआदोमाने चार सेकंदांनी राखली. पाहिलेले खोटे नव्हते, अपुरे होते. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मध्ये झाशीच्या वेढ्याचे जे वर्णन येते तेही पाहिलेले आणि ऐकलेले यांच्या अशाच सरमिसळीतून आले आहे, आणि त्यामुळे त्याचे मोल कमी झालेले नाही. अपुऱ्या साक्षीची भर दुसऱ्या साक्षीने घालता येते.

याहून कठीण प्रकरण १७ जुलै २००१ चे. आल्प द्युएझच्या टप्प्यात लान्स आर्मस्ट्राँगने आधीच्या घाटांवर थकल्याचे सोंग केले. हे सोंग रस्त्याकडेच्या माणसांसाठी नव्हते, तर मोटारीत बसून छोट्या पडद्यावर शर्यत पाहणाऱ्या प्रतिस्पर्धी संघाच्या मार्गदर्शकांसाठी होते. त्यांनी आपल्या स्वारांना वेग वाढविण्यास सांगितले. मग अखेरच्या घाटाच्या पायथ्याशी आर्मस्ट्राँगने मागे वळून यान उलरिखच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिले आणि तो निघून गेला. पडद्यावर पाहणारा फसला होता. घाटात उभ्या असलेल्या, सोंग न पाहिलेल्या माणसाला मात्र स्वारांचे खरे बळ दिसले, असे त्या दिवशी वाटले असेल. अमेरिकेहून त्याच्यामागे आलेले अनेकजण त्या घाटात होते. २०१२ मध्ये उत्तेजकांच्या सेवनावरून आर्मस्ट्राँगची १९९९ ते २००५ ही सातही विजेतेपदे रद्द झाली आणि ती दुसऱ्या कोणालाही दिली गेली नाहीत. विजेत्यांच्या यादीत त्या सात वर्षांपुढे जागा रिकामी आहे. १९९८ मध्ये फेस्तिना संघाच्या प्रकरणाने जे उघड केले होते त्यानंतर प्रेक्षकाने सावध असावयास हवे होते, असे म्हणता येईल. पण सावधपणा म्हणजे डोळ्यांवर अविश्वास, आणि तो ठेवावयाचा तर इतक्या दूर यावयाचे कशाला?

त्या संध्याकाळी घाटात लिहिलेल्या रोजनिशीचे आज काय करावयाचे? तिच्यातील तारीख खरी, वळणाचा क्रमांक खरा, ऊन, हेलिकॉप्टर, ओरडून बसलेला घसा खरा. आर्मस्ट्राँग समोरून गेला हेही खरे. त्याने टप्पा जिंकला, एवढे एकच वाक्य आता तिच्यात राहू शकत नाही, आणि नेमके तेच वाक्य लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेले नव्हते.